शुगर असेल तर चिखल्या अंगावर काढू नका

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या भागात भातलावणी सुरू झाली की पायाच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्याच, असं आपण धरून चालतो. ती बहुधा बुरशी असते, पण त्याला कुणी आजार म्हणत नाही. पाऊस उघडला की जातील, तोवर हळद-तेल लावा, एवढ्यावर विषय संपतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पूर्ण पाळीभर सेफ्टी शूज घालून उभं राहणाऱ्यांचंही तेच. तिथं चिखल नसतो, घाम असतो. धडधाकट माणसाचं यात फारसं बिघडत नाही. मधुमेह असलेल्याचं बिघडू शकतं, आणि ते कसं हे आधी समजून घ्यायला हवं.

रक्तातली साखर वाढलेली राहिली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मंदावतात. जंतूपर्यंत पोचणं, त्याला गिळणं, मारणं, तिन्ही कामं ढिली पडतात. नसांवर परिणाम होऊन पाय बधिर होतात, त्यामुळे खाज आणि आग नीट जाणवत नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरायलाही वेळ लागतो. अशा पायात बुरशीने चौथ्या आणि पाचव्या बोटामधली कातडी भिजवून फाडली की त्या भेगेतून स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आत शिरतात. मग पाय लाल होऊन सुजतो, ताप येतो. कुणाला त्यातूनच जखम होते आणि ती महिनोन्महिने बरी होत नाही. बुरशीने पाय जात नाही. तिने उघडलेल्या भेगेतून जे शिरतं त्याने जाऊ शकतो.

म्हणून शुगर असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री दहाही बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नजर अधू असेल तर घरातल्या कुणाला बघायला सांगावं. पांढरी, फुगलेली, ओलसर कातडी, बारीक भेग किंवा वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात उपचार सुरू व्हायला हवा.

पायाच्या बुरशीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तळवा आणि पायाच्या कडा कोरड्या, पिठूळ दिसतात आणि तळव्याच्या रेषांमध्ये पांढरा कोंडा साचतो. ‘थंडीने पाय फुटले’ म्हणून वर्षानुवर्षं व्हॅसलीन लावलं जातं. व्हॅसलीन दोन-तीन आठवडे नियमित लावूनही कोंडा हटत नसेल, किंवा दोन्ही पायांसोबत एकाच हाताचा तळवा तसा झाला असेल, तर ती बहुधा बुरशी आहे.

बुरशी कोणती आणि बुरशी आहे का

जांघेत, कंबरेला किंवा नितंबावर गोल चट्टा, कडा उचललेली आणि खवलेदार, मधला भाग त्यामानाने स्वच्छ, हे गजकर्ण. काही गावांत याला नायटा म्हणतात. कॅन्डिडा ही वेगळी बुरशी. तिला ओल आणि साखर दोन्ही मानवतात, त्यामुळे शुगर असलेल्यांत ती जास्त दिसते. स्तनांखाली, पोटाच्या वळीखाली, जांघेत कातडी लालभडक, चकचकीत, ओली होते आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. पुरुषांमध्ये जांघेतलं गजकर्ण सहसा अंडकोशाची कातडी सोडून देतं, कॅन्डिडा सोडत नाही. धुणीभांडी, स्वयंपाक अशी पाण्यातली कामं करणाऱ्या बायकांच्या नखाच्या मुळाशी सूज येते, दाबलं की दुखतं. या जुनाट नखुरड्यात बऱ्याचदा कॅन्डिडा असते.

आता बुरशी नसलेल्या गोष्टी. मान, काखा काळपट, मखमली आणि जाड दिसणं हे शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण आहे. तिथं बुरशीचं मलम चोळून किंवा दगडाने घासून काही होत नाही, वजन आणि शुगर खाली आणावी लागते. नडगीवरचे तपकिरी, न खाजणारे डागही बहुधा मधुमेहाचेच असतात, बुरशीचे नव्हे. जांघेत सपाट, तपकिरी, फारसा न खाजणारा चट्टा असेल तर ते एरिथ्राझ्मा असू शकतं. ते जिवाणूमुळे होतं. वूड्स लॅम्प या तपासणीच्या अतिनील दिव्याखाली तो भाग पोवळ्यासारखा लालसर चमकतो आणि त्यावरचं औषध अँटिबायोटिक असतं. आणि रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल, हाताच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल, तर आधी खरजेचा विचार करावा.

मेडिकलमधली ती ट्यूब

इथं मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. दुकानात ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक अँटिबायोटिक आणि एक जोरदार स्टेरॉइड. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव असेल तर ती ट्यूब गजकर्णावर लावू नका. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात.

स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते, म्हणून माणूस खूश होतो. पण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते. बुरशी तिथंच असते आणि आता तिला अडवायला कुणी नसतं. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, त्याची ओळखीची गोल कडा पुसली जाते, आणि मग जाणत्या डॉक्टरलाही निदानाला वेळ लागतो. जांघेची कातडी पातळ असते, तिथं स्टेरॉइड जास्त शोषलं जातं. कातडी आणखी पातळ होते आणि लालसर-पांढऱ्या ताणरेषा पडतात. त्या कायमच्या राहतात. मोठ्या भागावर खूप दिवस लावलं तर रक्तातली साखरही वाढू शकते. ‘खाज थांबायचं इंजेक्शन’ किंवा गोळी यातही स्टेरॉइड असू शकतं, आणि त्याने शुगर काही दिवस भलतीच चढते. सुई टोचून घेण्याआधी तिच्यात काय आहे ते विचारायला अजिबात संकोचू नका.

मलम किती आणि किती दिवस

योग्य मलम घेऊनही गजकर्ण परत येतं, त्याचं नेहमीचं कारण म्हणजे मलम फार कमी आणि फार थोडे दिवस लावलेलं असतं. माप असं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. दोन्ही जांघा आणि नितंब मिळून सहा तळहातांएवढा भाग असेल तर एका वेळी तीन रेघा, म्हणजे दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं मलम असेल तर दिवसाला ३ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपायला हवी. तीच ट्यूब दीड महिना पुरली असेल तर औषध लागू पडलं नाही असं म्हणता येत नाही, ते लावलंच गेलं नव्हतं.

आंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करा. मलम चट्ट्याच्या बाहेरून सुरू करून आत आणा, कडेपलीकडची २ सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडीही धरा, कारण बुरशी कडेलाच पसरत असते. क्लोट्रिमॅझोल १ टक्का सहसा दिवसातून दोनदा, ल्युलिकोनॅझोल १ टक्का एकदा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावत राहायचं. बेचक्यांत मात्र थर जाड नको, जाड मलमाने तिथली कातडी आणखी भिजते. लावून झालं की साबणाने हात धुवा. इन्सुलिन घेत असाल तर चट्टा असलेल्या कातडीतून सुई टोचू नका, जागा बदला.

आजकालचं गजकर्ण पूर्वीसारखं दोन आठवड्यांत हटत नाही, ही तक्रार खरी आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर एक चिवट बुरशी पसरली आहे. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं. टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी ज्या एन्झाइमवर काम करते त्याच्या जनुकातच तिच्या अनेक वाणांत बदल झाला आहे, म्हणून ती गोळी काहींना लागू पडत नाही. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं समजावून सांगायला नको. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीवर तेच ते औषध कमी मात्रेत मारत राहिलं की पुढे ते कामच करत नाही, म्हणून औषधाचा गट बदलून फवारणी करतात. कातडीवरच्या बुरशीचंही असंच होतं, फक्त इथं गट कधी आणि कोणता बदलायचा ते डॉक्टरने ठरवायचं. आणि बागेतलं बुरशीनाशक पाण्यात कालवून स्वतःच्या अंगाला लावायचं नाही, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. ते माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं नाही.

रॉकेल, चुना, ब्लीच, लसूण ठेचून बांधणं, हेही नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, आणि जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते. पाय सुन्न असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेली ‘कातडी सोलणारी’ मलमंही स्वतःच्या मनाने लावू नका.

गोळ्या सुरू होण्याआधी

चट्टे जास्त असतील, नखं किंवा केसांची जागा धरली असेल, किंवा शुगर ताब्यात नसेल, तर पोटातून औषध लागतं. शुगर असलेल्या माणसाच्या डब्यात आधीच पाच-सहा गोळ्या असतात आणि बुरशीच्या गोळ्यांचं त्यांच्याशी जमतंच असं नाही. हे डॉक्टरला आधी माहीत असायला हवं.

फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकतात आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूलला पोटात आम्ल लागतं. ती जेवणानंतर लगेच घ्यायची असते. सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोल आणि वर ही कॅप्सूल, असं महिनाभर केलं तर औषधाचा बराच भाग शोषलाच जात नाही. ‘गोळी घेऊनही फरक नाही’ यामागे कितीदा तरी हे असतं. ॲसिडिटीची गोळी थांबवता येईल का, की त्याऐवजी दुसरी कॅप्सूल द्यायची, हे डॉक्टरला विचारा. हार्ट फेल्युअर असेल तर इट्राकोनॅझोल चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिनसोबत ते घेऊच नये, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असेल तरी आधी सांगावं. अंग दुखणं, स्नायू ठणकणं, लघवी काळपट होणं ही गोळी थांबवायची खूण आहे.

टर्बिनाफिनला शुगरच्या गोळ्यांचा फारसा अडथळा नाही, पण यकृताचा आजार असेल किंवा किडनी बरीच कमजोर झाली असेल तर ते टाळतात. पायाच्या आगीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन घेत असाल तर टर्बिनाफिनमुळे त्याची पातळी वाढते. झोप जास्त येणं, तोंड कोरडं पडणं, चक्कर हे त्याचे परिणाम. शुगरची, बीपीची, कोलेस्टेरॉलची, झोपेची, ॲसिडिटीची, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. नुसतं ‘एक पांढरी छोटी गोळी आहे’ सांगून यातलं काही कळत नाही.

लघवीच्या जागेचं इन्फेक्शन

हे लोक लाजेने सांगत नाहीत, म्हणून स्पष्टच लिहितो. पुरुषांत शिश्नाच्या टोकाला लाली, पांढरा थर, कातडीला उभ्या बारीक भेगा आणि कातडी मागे न सरणं, बायकांत खाज, आग, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं. यातलं काही वारंवार होत असेल आणि शुगर कधी तपासली नसेल तर आधी ती तपासा, मधुमेहाचं पहिलं लक्षण हेच असू शकतं.

दुसरं कारण गोळीत असतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि किडनीसाठी ती फार चांगली आहेत. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ते स्वस्त झालं आणि खूप जणांना मिळू लागलं. पण लघवीत साखर आली की तिथं कॅन्डिडा वाढते. उपाय साधा आहे: प्रत्येक लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन, दाबून कोरडं करणं. पुरुषांनी कातडी मागे घेऊन धुवावं, कोरडं करावं आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. डेटॉलसारखं काही लावू नये. इन्फेक्शन झालं तरी बहुतेकदा त्यावर औषध देऊन मूळ गोळी चालू ठेवता येते, म्हणून ती मनाने बंद करू नका. शुगर ताब्यात नसलेल्या बाईला फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमचा एक डोस बऱ्याचदा पुरत नाही, तीन दिवसांच्या अंतराने पुढचे डोस किंवा जास्त दिवसांचा उपचार लागतो.

ओल, कपडे, पाय

करगोटा हा मुद्दा बऱ्याच घरांत नाजूक असतो, पण तो सोडून चालणार नाही. कंबरेचा काळा दोरा रोज भिजतो, कधीच पूर्ण वाळत नाही आणि बुरशी धरून ठेवतो. उपचार संपेपर्यंत तो काढा, नंतर घालायचाच असेल तर नवा घाला. मनगटावरच्या जुन्या धाग्यांचंही तेच. परकराची नाडी रोज त्याच जागी आवळली जाते, तिथं ओला पट्टा राहतो. नाडी थोडी सैल, वर-खाली बांधा आणि परकर रोज बदला. जोडव्यांखाली पाणी साचतं. बेचकं चिघळलेलं असेल तर जोडवी बरं होईपर्यंत काढून ठेवा.

पाय कोमट पाण्याने धुवा, आणि पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा. भिजत घालू नका. पातळ सुती पंचा प्रत्येक बेचक्यातून अलगद फिरवा, खसखसून घासू नका. टाचांना क्रीम लावा, बेचक्यांत लावू नका. बुटांचे दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. मोजे सुती आणि रोज धुतलेले, घाम जास्त येत असेल तर दुपारच्या सुट्टीत बदललेले. गमबूट काम संपल्यावर धुऊन उलटे टांगा. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करायची प्रथा आहे, पण पाय बधिर असलेल्याने पायात काहीतरी घालूनच जावं आणि घरी आल्याबरोबर तळवे, बेचक्या नीट बघाव्यात. रामकुंडावर स्नान झालं की ओल्या कपड्यांत बसू नका.

पंचा, साबण, कपडे वेगळे. आतले कपडे गरम पाण्यात अर्धा तास ठेवून, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतंच, तेव्हा शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

नखांबद्दल थोडक्यात. पायाचं नख महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे गोळी १२ आठवडे घेऊन संपली तरी नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जाड झालेलं नख बुटात खालच्या मांसावर दाबतं आणि बधिर पायात तिथं न कळत जखम होते. ब्लेडने कोरू नका, सरळ कापा, कानशीने घासून पातळ ठेवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं: लाली तासातासाने पसरणं, पाय गरम होऊन सुजणं, ताप, पू, काळी पडलेली कातडी, घाण वास, किंवा जांघ-अंडकोश-गुदद्वाराच्या भागात असह्य दुखणं आणि सूज. हे त्याच दिवशी दाखवायचं, जिल्हा रुग्णालय असो की जवळचं दुसरं कुठलं. गाल-डोळ्याभोवती सूज, एका बाजूचं दुखणं, नाकातून काळसर स्राव ही २०२१ मध्ये गाजलेल्या काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची लक्षणं. ती गजकर्णातून होत नाही, पण साखर फार वाढलेल्या माणसात होऊ शकते आणि तिथं एक दिवसही दवडायचा नसतो.

घाई नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना शक्यतो आधी एक-दोन आठवडे चट्ट्यावर कुठलंच मलम लावू नका. ते कडेची कातडी हलकेच खरवडून केओएच तपासणी करतात. दुखत नाही, फार वेळही लागत नाही, आणि बुरशी आहे की नाही हे बहुधा त्याच दिवशी कळतं. नखाची गोळी सुरू करण्याआधी तर ही तपासणी आग्रहाने करून घ्याच, कारण जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. आधी लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, आणि शेवटचा एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट सोबत ठेवा.